खोक्यातला बाबा

मुंगीचं तोंड उघडायला एक बदक लागायचं. साधंसुधं नव्हे, बस चालवणारं, डोक्यावर टोपी घातलेलं, मोबाईलमधलं बदक. त्याने पों पों केलं की मुंगीचं तोंड उघडायचं, घास आत जायचा, तोंड मिटायचं. बदक थांबलं की तोंडाला कुलूप. मग तुम्ही विमान उडवा, आगगाडी आणा, हात जोडा, काही म्हणून उपयोग नाही. अडीच वर्षांची एवढीशी पोर, म्हणून तर तिला मुंगी म्हणायचे, पण तिने ओठ घट्ट मिटले की दोन धडधाकट माणसं घामाघूम व्हायची.

आता हे असंच चालू राहिलं असतं. आजकाल कुणाच्या घरी चालत नाही? पण मुंगीच्या आईला कामावर परत जायचं होतं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ती काम करायची. मेणाचे साचे, एकेक दात कोरून बसवायचा, दाढेची उंची केसभरही चुकली तर चालत नाही, असलं नाजूक काम. मुंगी झाल्यापासून घरी होती. मालकांनी निरोप पाठवला, पुढच्या महिन्यापासून या, नाहीतर दुसरं माणूस घेतो. गल्लीच्या टोकाच्या पाळणाघरात एक, अगदी एकच जागा रिकामी होती. आणि तिथल्या ताईंचा नियम असा, की मूल टेबलाशी बसून, मोबाईल-टीव्हीशिवाय जेवलं पाहिजे. प्रवेशाआधी एका दुपारी जेवायला बोलवत. जेवलं तर जागा, नाही तर पुढचं मूल.

"मला परत जायचंय," मुंगीची आई म्हणाली. "मुंगीवर माझा जीव आहे, पण वर्कशॉपमधल्या माझ्या टेबलावरही आहे. जगाला दात बसवते मी, आणि माझी पोर तिचे स्वतःचे वापरत नाही. घास आला की गट्ट. गाय तरी रवंथ करते!"

"मी बघतो," मुंगीचा बाबा म्हणाला.

हे 'मी बघतो' फार धोक्याचं होतं. बाबा लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीच्या कामावर होता. दार का उघडत नाही, उघडलं तर मिटत का नाही, हे शोधण्यात त्याचा दिवस जायचा. त्याची पद्धत ठरलेली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष हाताला लागेपर्यंत 'पण का?' विचारत राहायचं. या 'पण का'ने त्याने ऑफिसातल्या साहेबांना जेरीस आणलं होतं, आणि न्हाव्याकडे अर्धे केस कापून झाल्यावर कात्रीबद्दल अशा शंका काढल्या होत्या की न्हाव्याने उरलेले मुकाट्याने कापले.

"ती लिफ्ट नाहीये हं," बायकोने आधीच बजावलं.

"मी कुठे म्हणतोय? पण तोंड उघडत नाही, याला काहीतरी कारण असणारच ना!"

सुरुवातीला समोरच्या काकू आल्या. त्यांना बोलवावं लागत नाही, पातेल्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला की त्या येतातच. काकूंचा सल्ला सरळ होता. "काही लाड नकोत. मोबाईल कपाटात ठेवा आणि पोरीला भूक लागू द्या. मी माझी चार वाढवली. भूक लागली की दगडसुद्धा खातील." मोबाईल कपाटात गेला. मुंगीने दुपारी खाल्लं नाही, संध्याकाळी खाल्लं नाही, आणि अंधार पडताना कुंडीतली माती मात्र चाखून पाहिली. काकू ते पाहून एवढ्या घाबरल्या की स्वतःच धावत जाऊन मोबाईल घेऊन आल्या. "मी म्हटलं होतं थोडं उपाशी ठेवा," त्या वर म्हणाल्या, "एवढं नव्हतं म्हटलं."

मग बाबाने सूत्रं हातात घेतली. पहिल्या जेवणाला त्याने फक्त आवाज बंद केला. मुंगी जेवली. पुढच्या वेळी अर्ध्या पडद्यावर कागद लावला. नुसती बसची चाकं दिसत होती, बदक गायब. मुंगी जेवली! बाबाचे डोळे चमकायला लागले. मग त्याने चित्रच बंद केलं आणि काळा मोबाईल समोर उभा करून ठेवला. मुंगीने त्या काळ्या पाटीकडे टक लावून घास गिळले आणि मगच तिच्या लक्षात आलं की आपल्याला फसवलंय. मग जे भोकाड पसरलं ते वरच्या मजल्यापर्यंत गेलं. पण बाबाला त्याचं काय! तो स्वयंपाकघरात नाचत आला.

"बदक लागतच नाही तिला! चौकट लागते. समोर चौकोन हवा, चौकोनात काहीतरी हलायला हवं. बस्स!"

"मग?"

"मग चौकोन मी देतो. आणि हलायला मी आहेच की."

लिफ्टच्या मोटरचं रिकामं खोकं त्याने ऑफिसातून आणलं. पुठ्ठा जाड होता. त्याला समोरून खिडकी कापली, कडेला काळा रंग दिला, आणि टेबलावर ठेवून स्वतः मागून आत डोकं घातलं. हातात पिवळा मोजा. मोज्याला बटणाचे डोळे. मोजा धुतलेला आहे ना, हे बायकोने दोनदा विचारून घेतलं. मग खोक्यातून आवाज आला, "पों पों! बस निघाली!" आणि काय सांगू तुम्हाला, मुंगीचं तोंड उघडलं. भात गेला, गाजर गेलं, वाटाणे गेले. आईने ताटली उचलून दिव्यासमोर धरून बघितली, खरंच रिकामी आहे ना म्हणून.

त्या दिवशी बाबा छाती काढून ऑफिसला गेला. मोबाईलशिवाय मूल कसं जेवतं हे त्याने साहेबांना समजावून सांगितलं. साहेबांना मूलबाळ नव्हतं, पण त्यांनी ऐकून घेतलं.

खरी गंमत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. बाबा खोक्यात बसून बदकाला वळणावरून नेत होता, तेवढ्यात मुंगी उठली, पुढे आली, आणि तिने आपलं इवलंसं बोट त्याच्या कपाळापासून गालापर्यंत ओढलं.

"हे काय?" बाबा म्हणाला.

"दुसरं लाव," मुंगी म्हणाली.

बायको हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होती. बाबाने मुकाट्याने दुसरी गोष्ट लावली. थोड्या वेळाने मुंगीने त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं आणि पाणी प्यायला गेली. बाबा पुढे बोलायला लागला तर ही मागे वळून ओरडली, "थांबव ना!" म्हणजे पुन्हा नाक दाबेपर्यंत बाबाने तोंड उघडं ठेवून, मोजा हवेत धरून, तसंच बसायचं. एकदा त्याला शिंक आली तर ती वैतागून म्हणाली, "जाहिरात!" चांगला पदवी घेतलेला माणूस, हाताखाली चार मेकॅनिक, आणि घरी ही किंमत. बरं, एक शब्द इकडचा तिकडे चालायचा नाही. काल बदक आधी पूल ओलांडून मग बोगद्यात गेलं असेल तर आजही आधी पूलच. बोगदा आधी आला की तोंड बंद.

आणि हे सगळं चालू असताना बाबाचं स्वतःचं ताट ओट्यावर गार पडायचं. तिचं होईपर्यंत ऑफिसची वेळ व्हायची, रात्री घशाला कोरड पडलेली असायची. मग तो उभ्या उभ्या काहीबाही तोंडात टाकून पळायचा.

काकूंना ही बातमी कळल्यावर ती गुप्त राहणं शक्यच नव्हतं. त्या आपल्या नातवाला वाटीसकट घेऊन आल्या. "याचंही जरा बघ रे. एका घरात दोन पोरं जेवली तर तुझं काय जातंय?" नातू जेवला. नातू जेवला म्हटल्यावर खालच्या मजल्यावरची जुळी आली. जुळ्यांच्या मागोमाग अजून कुणीकुणी आलं. प्रत्येकाच्या हातात आपापली वाटी, मागे आपापली आई. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरेना. शेवटी खोकं उचलून लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत मांडलं, आणि पोरं जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसली. बाबाला मनातून बरं वाटत होतं, उगाच खोटं कशाला बोला.

आणि इथेच सेक्रेटरी उगवले. सेक्रेटरी म्हणजे इमारतीचा कारभार बघणारे गृहस्थ. त्यांच्या परवानगीशिवाय इमारतीत पाल येत नाही असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

"हे काय चाललंय?"

"जेवण," खोक्यातून बाबा म्हणाला.

"जेवण घरात असतं. हा जिना आहे. सामायिक जागेत बांधकाम करायला समितीची परवानगी लागते."

"अहो, पुठ्ठ्याचं खोकं आहे!"

"बांधकाम कशाचं आहे असं नियमात विचारलेलंच नाही. कायमस्वरूपी आहे की तात्पुरतं, एवढंच विचारलंय."

"पण का?" बाबाला राहवलं नाही. "पुठ्ठा कायमस्वरूपी कसा असेल?"

"ते तुम्ही समितीला विचारा."

"समितीत कोण आहे?"

"मी," सेक्रेटरी म्हणाले. "आणि खजिनदार, पण ते गावी गेलेत."

एवढं बोलून ते जातील असं वाटलं होतं. पण बदक बोगद्याच्या तोंडाशी होतं आणि पोरांचे घास अर्ध्यावर थांबले होते, तेव्हा ते शेवटपर्यंत उभे राहिले. संपल्यावर म्हणाले, "बोगद्यात दिवे लावायला हवेत त्याने. नियम आहे." मग परवानगी मिळाली, तात्पुरती, आणि एका अटीवर: बदकाने मध्येच बस थांबवून सूचना सांगायच्या. जिन्यात चपला ठेवू नयेत. टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवावं. बदकाने इमानेइतबारे सांगितलं. चपला खरंच हलल्या. नोटीस बोर्डावर वर्षानुवर्षं लिहून जे झालं नव्हतं ते एका मोज्याने केलं. सेक्रेटरी हरखले आणि रोज नवी सूचना घेऊन येऊ लागले. पण मधली सूचना बदलली की मुंगी तोंड मिटायची, म्हणून बाबाला तिच्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं.

पाळणाघराचं जेवण सोमवारी होतं. रविवारी दुपारी, पोरं पायऱ्यांवर बसलेली, बदकाला टोपी घालायची बाकी, आणि ऑफिसचा फोन आला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत माणसं होती. जावं लागलं. तिथे माणसांना बाहेर काढता काढता संध्याकाळ झाली. परत आला तर जिन्यात रडारड. एकाही पोराने घास घेतला नव्हता. आया कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"कार्यक्रम रद्द करायचा तर आधी सांगायचं असतं," एक जण म्हणाली.

काकू तर रडवेल्याच झाल्या होत्या. "मी बसले रे खोक्यात. म्हटलं आपण काय कमी आहोत? तुझ्या मुंगीने मला बोटाने बाजूला सारलं. असं! मला!"

बाबाने मुंगीकडे पाहिलं. ती रिकाम्या खोक्यासमोर बसून त्या भोकाकडे एकटक बघत होती, त्या दिवशी काळ्या मोबाईलकडे बघत होती तशीच. त्याने दोष दुरुस्त केलाच नव्हता. आधी एक बिघाड होता, आता त्याने इमारतभर वाटला होता. मोबाईल निदान चार्ज तरी होतो.

घरात आल्यावर मुंगीची आई टेबलाशी बसली. ती टेबलावरचा पिवळा मोजा उचलून बघत होती.

"उद्या तू तिथे खोक्यात बसणार आहेस का?" शेवटी तिने विचारलं.

"विचारून बघतो," म्हणत बाबाने खरोखरच पाळणाघराला फोन लावला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बदक आणता येणार नाही. आई-बाबांनी यावं. भिंतीशी बसावं आणि बोलू नये."

फोन ठेवल्यावर आईला रडू फुटलं. "माझं टेबल जाणार रे. मला माहीतच होतं. तू एवढं केलंस, मला राग नाही तुझा. पण मला खूप वाईट वाटतंय." बाबाला 'पण का' विचारायची हिंमत झाली नाही. त्यालाही फार वाईट वाटत होतं, आणि त्या रात्री त्याच्याही घशाखाली घास उतरला नाही.

सोमवारी दुपारी तिघं पाळणाघरात पोचले. गुडघ्याएवढं गोल टेबल, भोवती पाच-सहा पोरं, प्रत्येकासमोर ताटली: भात, उकडलेला बटाटा, वाटाणे. मुंगीला एका खुर्चीत बसवलं. आई-बाबा भिंतीशी पोरांच्याच बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लागलेले. बाकीची पोरं हात बरबटवून खायला लागली. मुंगीने समोर पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चौकोन कुठेच नव्हता. खिडकीसुद्धा गोल होती. तिने ओठ घट्ट मिटले.

वेळ जात होता. आईने डोळे मिटून घेतले. बाबाचा हात नकळत खाली गेला आणि तो बुटाची नाडी सोडायला लागला. आज मोजा राखाडी होता, पण अडीअडचणीला चाललं असतं.

"बूट असू द्या," ताई मागे न बघता म्हणाल्या.

बाबाने नाडी बांधली. खोलीत चमच्यांची किणकिण तेवढी चालली होती. आणि त्या शांततेत बाबाच्या पोटातून आवाज आला. कालपासून पोटात काही नाही, त्यात समोर बटाट्याचा वास. कपाट सरकवावं तशी लांबलचक गुरगुर झाली. एका पोराने चमचा खाली ठेवला. बाबाचे कान लाल झाले. त्याने पोट आवळलं, तर ते आणखी जोरात बोललं.

मुंगीने मान वळवली.

ती खुर्चीवरून उतरली. बाबासमोर येऊन उभी राहिली आणि त्याच्या पोटाकडे बघत राहिली. मग तिने बोटाने पोट दाबलं. गुर्र. ती दचकली. पुन्हा दाबलं, कान लावला. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, अगदी बाबाला पडते तशी.

"आत कोण आहे?" तिने विचारलं.

बाबाने ताईंकडे पाहिलं. बोलायची मनाई होती. त्याने फक्त खांदे उडवले.

मुंगी टेबलाशी गेली, बटाट्याचा तुकडा घेऊन आली आणि म्हणाली, "आ कर." बाबाने आ केला. तिने तुकडा आत ठेवला आणि नाक त्याच्या नाकाला टेकवून बघायला लागली. बाबा चावत होता. तिने त्याला असं चावताना कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या जेवणाच्या वेळी घरात सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि मग ती झोपली की मोठी माणसं जेवायची. बाबाचा जबडा वरखाली होत होता आणि तिचंही तोंड त्याच्याबरोबर उघडमीट करत होतं. त्याने गिळलं. तिने त्याचे ओठ बोटांनी फाकवून आत पाहिलं.

"कुठे गेलं?"

तिने पोटाला कान लावला. गुरगुर थांबली होती. आता मात्र तिला राहवेना. ती धावत गेली, एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, बाबासारखाच जबडा हलवला, गिळला, आणि आ करून बाबाला दाखवलं. बाबाने वाकून आत पाहिलं. खरंच काही नव्हतं. मुंगीने आपल्याच पोटावर बोट दाबून ऐकायचा प्रयत्न केला, पण कान तिथवर पोचेना. मग दुसरा तुकडा. मग वाटाणे, एक बाबाला, एक स्वतःला. मग भात, मूठभर.

"चावतेय!" मुंगीची आई ओरडलीच. "अरे बघ ना, मागच्या दाढांनी चावतेय! डावीकडून उजवीकडे नेतेय घास!" ती उठून उभी राहिली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हजारो कवळ्या बनवल्या तिने, पण आपल्या पोरीच्या दाढा कामाला लागलेल्या आज पहिल्यांदा बघत होती.

"हळू," ताई म्हणाल्या. मग ताटलीकडे बघून, आवाज न बदलता पुढे म्हणाल्या, "पहिल्या तारखेला सकाळी आणून सोडा. तुम्ही कामावर जा."

आईने ताईंचे दोन्ही हात धरले. ती नुसती मान हलवत राहिली. इकडे मुंगी शेवटचा बटाट्याचा तुकडा घेऊन निघाली होती. बाबाने डोळे मिटून आ केला. त्याला खरोखर भूक लागली होती, आणि आयुष्यात कुणी त्याला इतकं मन लावून भरवलं नव्हतं.

तुकडा काही आला नाही. त्याने एक डोळा उघडून पाहिलं. मुंगी टेबलापलीकडे एका गुबगुबीत पोरासमोर उभी होती. तिने तुकडा त्याच्या तोंडात ठेवला होता आणि आता वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तो कुठे जातो ते बघत होती. भिंतीकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

बाबा तसाच आ करून बसला होता.

"मीट आता," बायको डोळे पुसत म्हणाली. "चल, घरी जाऊन जेवू."